तरत्या घरचा पाहुणचार

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेच्या नोंदवहीत विद्यार्थ्याच्या नावापुढे पत्त्याचा एक रकाना असतो. साठ वर्षांपूर्वी तो चामराजपेट, बसवनगुडी, मल्लेश्वरम, हलसूर अशा एखाद्या शब्दात भरून होत असावा. आज माजी विद्यार्थ्यांचे पत्ते गोळा करायचे म्हटले की त्याच रकान्यात सनीव्हेल येते, सिडनी येते, स्टुटगार्ट येते. पालकांना त्याचे आता नवल वाटत नाही. मुलगा तिथे, नातवंडे तिथे, वर्षाआड दोन-तीन महिन्यांची वारी आणि उरलेले दिवस दूरध्वनीच्या पडद्यावरची भेट, हे बेंगळुरूच्या मराठी घरांतले नित्याचे चित्र आहे. परंतु जगात अशीही काही कुटुंबे आहेत की, त्यांना हा रकाना भरताच येणार नाही. चाळीस-पंचेचाळीस फुटांची शिडाची बोट हेच त्यांचे घर. आज ते एका बेटाच्या खाडीत नांगरलेले असते, पंधरवड्याने दुसऱ्या बेटाच्या आडोशाला. अशा घरी आई-वडील पाहुणे म्हणून जातात तेव्हा काय घडते, हा आजचा विषय.

विषय दूरचा वाटेल, पण नकाशा उघडला तर एक गंमत दिसते. बेंगळुरू उत्तर अक्षांशाच्या तेराव्या अंशाजवळ आहे. तीच रेघ पश्चिमेकडे ओढत अरबी समुद्र, आफ्रिका आणि सबंध अटलांटिक ओलांडून नेली, तर ती बार्बाडोस आणि सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटांजवळ पोचते. ग्रेनाडा त्याच्या किंचित दक्षिणेला. सूर्य तोच, दिवसमानही जवळजवळ तेच. फरक घड्याळात साडेनऊ तासांचा. बेंगळुरूत संध्याकाळी साडेसहाला दिवेलागण होते, तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

या समुद्रात बोटीवर राहणाऱ्यांची वस्ती मोठी आहे, आणि त्याचे कारण वारा. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिथे पूर्वेकडून व्यापारी वारे अखंड वाहतात. बेटे उत्तर-दक्षिण माळेसारखी ओवलेली. ग्रेनाडा, कॅरिअॅकू, युनियन, बेक्विया, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया, मार्टिनिक, डॉमिनिका असे वर सरकावे. एका बेटावरून पुढचे बहुधा डोळ्यांना दिसते. युरोपातून येणाऱ्या बोटी कॅनरी बेटांवरून निघून सुमारे २,७०० सागरी मैलांचा अटलांटिक अठरा ते एकवीस दिवसांत ओलांडतात. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे सायकलवरून रमतगमत जाणाऱ्याचा. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी हे घर नव्हे.

कोकणातल्या माणसाला या जीवनक्रमातली एक गोष्ट लगेच कळेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनला मासेमारी थांबते, होड्या ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावर समुद्र उघडतो. कॅरिबियनमध्येही तारीख नेमकी १ जूनचीच आहे. त्या दिवसापासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. त्या काळात बोटी दक्षिणेला, ग्रेनाडा वा त्रिनिदादकडे सरकतात, किंवा गोदीत वर काढून ठेवल्या जातात. तिथे नारळ कोणी वाहत नाही. विमा कंपनीची अट पाळली जाते, एवढाच फरक. दक्षिणेलाही अभय मिळतेच असे नाही. सुरक्षित मानल्या गेलेल्या ग्रेनाडाला ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' वादळाने उद्ध्वस्त केले आणि १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' थेट कॅरिअॅकूवर आदळले. घर हलवता येते ही या घराची खरी भिंत. वेळेवर हलवले नाही तर मात्र इतर कोणत्याही घराहून ते दुबळे.

आता समजा, मल्लेश्वरममधले एक निवृत्त दांपत्य अशा घरी निघाले आहे. लेक, सून आणि आठ वर्षांचा नातू दोन वर्षांपासून बोटीवर आहेत. लोकांना काय सांगायचे, हा पहिला प्रश्न. "मुलगा कुठे असतो?" या साध्या चौकशीला उत्तर देताना आजोबा अडखळतात. चांगली नोकरी सोडून मुलगा बोटीवर राहतो, हे वाक्य आपल्याकडे आजारपणाच्या बातमीसारखे हळू आवाजात बोलले जाते. मराठी समाजाचे समुद्राशी नाते असे दुटप्पीच आहे. कान्होजी आंग्र्यांचा अभिमान प्रत्येकाला, पण समुद्र ओलांडण्याचा विषय निघाला की कपाळाला आठी. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा समाजाने केलेला गहजब सर्वांना ठाऊक आहे. आज परदेशगमनाला मान आहे. पण त्या गमनाच्या शेवटी जमिनीवरचे घर आणि महिन्याचा पगार हवा.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. भारतीय पारपत्रावर ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, त्रिनिदाद, बार्बाडोस येथे पर्यटक म्हणून जाण्यास आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. अडचण वाटेत आहे. न्यू यॉर्क वा मायामीमार्गे जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. मार्टिनिक, ग्वादलूप ही बेटे फ्रान्सची. त्यांचे नियम वेगळे. शिवाय विमानतळावरचा अधिकारी परतीचे तिकीट मागतो आणि पाहुणे तर एका बेटावर उतरून दुसऱ्यावरून परतणार असतात. म्हणून बोटीच्या कप्तानाचे पत्र जवळ ठेवावे लागते: अमुक नावाच्या व्यक्ती अमुक बोटीवर येत आहेत व तिच्यातूनच देशाबाहेर जातील. कप्तान म्हणजे मुलगाच. ज्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांनी दहा वर्षे सह्या केल्या, त्याची सही आता वडिलांच्या प्रवासासाठी लागते.

तिसरी गोष्ट तारखेची. दर्यावर्दी लोक पाहुण्यांना एक नियम आधीच सांगून ठेवतात: भेटीची जागा ठरवा किंवा भेटीची तारीख ठरवा, दोन्ही ठरवू नका. वारा आपल्या तिकिटाला बांधलेला नसतो. समुद्रावरचे पुष्कळ अपघात वाऱ्यामुळे होतात त्याहून घाईमुळे होतात. कुणाला तरी विमान गाठून द्यायचे असते आणि जायला नको अशा हवेत बोट बाहेर काढली जाते. पत्रिका बघून मुहूर्त काढणाऱ्या समाजाला खरे तर हे समजायला कठीण जाऊ नये. तरी तिकीट स्वस्त मिळाले म्हणून पाहुण्यांनी तारीख पक्की केलेली असते, आणि सुनेला पहिला अवघड दूरध्वनी त्यावरूनच करावा लागतो.

चाकांची मोठी बॅग नको, घडी घालता येईल अशी कापडी पिशवी आणा, हेही सांगितलेले असते. आजी ऐकत नाहीत. लाडू, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला आणि प्रेशर कुकरची जादा रिंग कापडी पिशवीत मावते कुठे? त्यातला कुकर मात्र सर्वांत शहाणा निघतो. झाकण घट्ट बसणारे भांडे बोटीवर फार मोलाचे; बोट कलली तरी आमटी सांडत नाही आणि गॅसही कमी लागतो. बोटीतली शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट एका बाजूला झुकते आणि शेगडी मात्र क्षितिजाशी समांतर राहते. पहिल्या दिवशी आजींना वाटते, शेगडीच हलते आहे. हलत असते ते बाकीचे सगळे जग.

पहिले तीन दिवस कठीण. नांगर टाकलेला असतानाही बोट डुलते. मळमळ होते. शिडीवरून खाली उतरताना पाठ समुद्राकडे की जिन्याकडे करावी हे लक्षात राहत नाही. किनाऱ्यावर जायचे तर बोटीच्या मागे बांधलेल्या लहान होडीत उतरायचे. तीच या घराची स्कूटर, तीच रिक्षा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या होडीत पाय ठेवण्याचा क्षण अटलांटिक ओलांडण्याइतकाच मोठा. शौचालय हातपंपाचे. निजायची जागा बोटीच्या नाळेकडे त्रिकोणी आकाराची. रात्री कधीतरी वारा फिरतो, साखळी करकरते आणि मुलगा उठून वर जाऊन पाहून येतो, नांगर धरून आहे ना. आजी जाग्याच असतात. तो दहा वर्षांचा असताना तापात त्या अशाच उठून त्याचे कपाळ पाहून येत.

पाण्याचा हिशेब हा पाहुण्यांना घडणारा मोठा संस्कार. टाकीत काही शे लिटर पाणी. काही बोटींवर खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते, पण ते विजेवर चालते आणि वीज छपरावरच्या सौर पत्र्यांतून येते. म्हणजे आभाळ आले की पाणीही आटते. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, मग वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. बेंगळुरूच्या नागरिकाला हे शिकवावे लागावे, हे जरा विचित्रच. शंभर किलोमीटरवरून कावेरी चढवून आणणाऱ्या या शहरात २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने मोटारी धुतल्या तर पाच हजार रुपये दंड लावण्याची वेळ आली होती. बोटीवर दंड नसतो. टाकीचा काटा सगळ्यांना दिसतो, तेवढे पुरते.

परंतु या भेटीतली खरी कसोटी पाण्याची नाही, मळमळीचीही नाही. ती आहे शब्द कोणाचा चालायचा याची. मराठी घरात वडील माणूस पाहुणा म्हणून आला तरी त्याचा वडीलपणा दाराशी उतरवून ठेवला जात नाही. बोटीवर कप्तान एकच असतो. "बाबा, आत्ता वर येऊ नका," असे मुलगा म्हणतो, आणि त्या 'आत्ता'मध्ये कारण सांगायला सवड नसते. शीड एका बाजूकडून दुसरीकडे जाताना त्याचा आडवा दांडा डोक्यावरून जोरात फिरतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाचे वय तो पाहत नाही. आयुष्यभर ज्यांनी हुकूम दिले त्या आजोबांना मुलाच्या आवाजातला तो कोरडा स्वर लागतो. दिवसभर ते बोलत नाहीत. सून मध्ये पडत नाही. संध्याकाळी नातूच येऊन सांगतो, "आजोबा, बाबा मलापण तसंच ओरडतो. मग नंतर सॉरी म्हणतो." पालकांपैकी अनेकांनी हा प्रसंग बोटीविनाही अनुभवला असेल. मुलाच्या घरी त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या गाडीच्या मागच्या आसनावर, तो ठरवील त्या वेळी जेवताना. जमिनीवर हा बदल इतक्या सावकाश होतो की, तो झाला हे कुणाला बोलून दाखवावे लागत नाही. बोटीवर तो एका दुपारी होतो.

मग येतो शाळेचा प्रश्न. आठ वर्षांचे मूल, त्याला वर्ग नाही, घंटा नाही, बाकावर शेजारी कोणी नाही. आजींच्या मनात हा प्रश्न विमानतळापासूनच असतो, फक्त विचारायला धीर होत नाही. या बाबतीत लॉरा डेकर या डच मुलीची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. तिचा जन्म १९९५ साली न्यूझीलंडमधील व्हांगारे बंदरात झाला, आईवडील बोटीतून जगप्रवासाला निघालेले असताना; तिची पहिली वर्षे समुद्रावरच गेली. तेराव्या वर्षी तिने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा मनोदय जाहीर केला आणि नेदरलँड्समध्ये वादळ उठले. न्यायालयाने २००९ साली तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले. तिच्या शिक्षणाचे काय, सुरक्षिततेचे काय, झोपेचे काय, असे प्रश्न विचारले गेले. २०१० च्या जुलैत ही देखरेख उठली. ऑगस्टमध्ये ती 'गप्पी' नावाच्या बोटीतून निघाली आणि २१ जानेवारी २०१२ रोजी, सोळाव्या वर्षी, कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर तिची प्रदक्षिणा पुरी झाली. तिथे तिला भेटायला आई, वडील, बहीण आणि आजी-आजोबा आले होते. कुटुंबाने एका बोटीला भेटायला अर्धे जग ओलांडले, त्याचे हे एक उदाहरण.

शाळा चालवणाऱ्या माणसाला त्या न्यायालयाची बाजू सहज पटते. मूल आईबापांच्या मालकीचे नसते; त्याच्या शिक्षणाची विचारपूस करण्याचा समाजाला हक्क आहे, आणि तो हक्क बजावला गेला यात गैर काही झाले नाही. मात्र बोटीवर मूल शिकत नाही, हा समज चुकीचा आहे. रोज सकाळी दोन-तीन तास आईजवळ पाठ होतात, आणि उरलेल्या दिवसात भरती-ओहोटी, ढगांचे प्रकार, तीन चलनांतला बाजारहाट, पिवळे निशाण लावून दुसऱ्या देशाची परवानगी घेण्याची रीत, हे सारे पाठ्यपुस्तकाबाहेर शिकले जाते. उणीव आहे ती समवयस्कांची. शेजारच्या बोटीवरचा फ्रेंच मित्र मिळतो, घट्ट मैत्री होते आणि दोन आठवड्यांनी ती बोट शीड उभारून निघून जाते. मुले आधी रडतात, मग रडायची थांबतात. त्यांतले जास्त चिंताजनक काय, हे ठरवणे सोपे नाही.

धोक्याबद्दलही आडपडदा ठेवू नये. डगल रॉबर्टसन हे इंग्लंडमधले गृहस्थ १९७१ साली शेती विकून पत्नी आणि मुलांसह 'लुसेट' नावाच्या जुन्या लाकडी बोटीतून निघाले. अटलांटिक आणि कॅरिबियन मागे टाकून ते पॅसिफिकमध्ये शिरले. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेला ऑर्का देवमाशांच्या धडकेने बोट फुटून काही मिनिटांत बुडाली. सहा माणसे आधी रबरी तराफ्यावर आणि मग नऊ फुटी होडीत तग धरून राहिली. पावसाचे पाणी आणि कासवाचे मांस यांवर. अडतीसाव्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. सर्व जण वाचले. अशा घरात राहणाऱ्या मुलाच्या आईला हे ठाऊक नसले तर बरे, असे कुणी म्हणेल. पण आयांना ते कुठून तरी कळतेच.

आणि मग आठवते की, वाट पाहणाऱ्या आयांची उदाहरणे घरापासून फार दूर नाहीत. फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहणारे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर ध्यास घेतला होता की, भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. बोट बांधली गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात, रत्नाकर दांडेकर यांनी. लाकूड आणि फायबर यांची, छप्पन्न फुटांची. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलाच्या ताब्यात आली आणि तिचे नाव ठेवले 'म्हादेई'. म्हादेई म्हणजे मांडवीचे मूळ नाव, आणि ती नदी उगम पावते आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. या सभेत खानापूरकडची मंडळी असतीलच. त्यांच्या गावच्या ओढ्याचे नाव दक्षिण महासागरात फिरून आले आहे. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी परतले. पुढे याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

त्याही आधी, १९८५ ते १९८७ या काळात, सेनेच्या इंजिनिअर दलातील अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या बोटीतून जगाला वळसा घातला होता. त्या दलाचे एक मोठे केंद्र आपल्या हलसूर तलावाच्या काठी आहे आणि त्या तळ्यात आजही जवानांची शिडे दिसतात. रोज बसमधून तिथून जाणाऱ्यांनी मान वळवून पाहावे, एवढीच सूचना.

'तारिणी'ची कथा तर मुलींच्या पालकांनी आवर्जून सांगावी अशी. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी महिला १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी समुद्रावर केली. सहा घरांत त्या रात्री पणत्या लागल्या असतील आणि सहा घरांत कुणीतरी घड्याळ बघून तिकडे आत्ता काय वाजले असतील याचा हिशेब केला असेल. नौदल, देश, पुरस्कार यांचे वलय असल्यावर समुद्रावरचे मूल कौतुकाचे होते. वलय नसले की तेच मूल काळजीचे. मल्लेश्वरमच्या आजी-आजोबांची अडचण नेमकी ही आहे: त्यांच्या मुलाने जे केले त्याला आपल्या समाजात अजून नाव नाही.

दूर राहणाऱ्या आप्ताला भेटायला जाणे ही गोष्ट बेंगळुरूला मात्र नवी नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांची जहागीर होते. पुण्याहून जिजाऊसाहेब आणि बालशिवाजी येथे आले, राहिले. आणि बारा वर्षांच्या शिवरायांना शहाजीराजांनी येथून पुण्याला रवाना केले, असे शिवभारतकार परमानंद सांगतो. पित्याचे घर एकीकडे, मातेचे दुसरीकडे आणि मध्ये तुंगभद्रा-कृष्णेचा मुलूख. त्या भेटीत काय बोलणे झाले असेल, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. जयराम पिंड्ये या कवीच्या चंपूत मात्र शहाजीराजांच्या इथल्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत असल्याचे वर्णन आहे. बेंगळुरूतली मराठी तेव्हापासून इतर भाषांच्या शेजाराने नांदत आली आहे, आणि ही शाळाही त्याच शेजारात साठ वर्षे उभी आहे.

त्या बोटीवरच्या नातवाची मराठी कशी असेल? शेजारी फ्रेंच, बंदरात इंग्रजी, आईवडिलांत अर्धी मराठी. आजी पहिल्याच दिवशी पुस्तके काढतात. पण गंमत उलटीच होते. 'शिडात वारा भरणे', 'सुकाणू हाती घेणे', 'नांगर टाकणे' हे वाक्प्रचार आपल्याकडची मुले परीक्षेसाठी पाठ करतात आणि वाक्यात उपयोग करून दाखवतात. या मुलाला त्यांतले काही पाठ करावे लागत नाही. आजी म्हणतात, "हे शीड"; तो दोर ओढून दाखवतो. "हे सुकाणू", ते त्याच्या हातातच असते. डोलकाठी, वल्हे, खलाशी, तांडेल, आडोसा, उधाण. पुस्तकात मावळून गेलेले शब्द तिथे ओले होतात. तीन आठवड्यांत त्याच्या वहीत असे पन्नासएक शब्द होतात, आणि त्यांतले निम्मे आजींनीही आयुष्यात प्रथमच एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून उच्चारलेले असतात.

आजी त्याला श्रीखंड करून घालतात. जायफळ विकत आणायला दूर जावे लागत नाही. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावरच जायफळाचे चित्र आहे आणि बाजारात ते लाल जावित्रीसकट मिळते. 'आयव्हन' वादळात तिथल्या जायफळाच्या बहुतेक बागा मोडून पडल्या. नवी झाडे धरायला वर्षे लागतात. बाजारातली म्हातारी हे सांगते, आणि कोकणात फयान वादळाने पाडलेली आंब्या-नारळाची झाडे आजींना आठवतात. दोघींची भाषा वेगळी असते, तरी भाव करताना अडत नाही.

आजोबा एव्हाना पुष्कळ निवळलेले असतात. शेवटच्या दिवशी सकाळी निघण्याआधी नांगर वर काढायचा असतो. मुलगा सुकाणूवर, आणि नाळेवर साखळी ओढण्याचे काम आजोबा-नातवाकडे. चिखलाने माखलेला लोखंडी नांगर पाण्याबाहेर येतो. त्याला टोकदार, मध्ये उंचवट्याचा फाळ असतो. कॅरिबियनमधल्या कित्येक बोटी अशाच फाळाच्या आकाराचा नांगर वापरतात, कारण तो वाळूत रुततो. आजोबा खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. ते त्याच्याकडे बघत राहतात.

"आमच्याकडे पण होता," ते म्हणतात.

"तुमची बोट होती?"

"नाही रे. शेत होतं. बैल होते."

नातवाला ते पटत नाही. शेताला नांगर कशाला लागतो, शेत वाहून जातं का, असे तो विचारतो. आजोबा बादलीने चिखल धुता धुता त्याला सांगू लागतात, आणि मागून मुलगा ओरडतो की साखळी नीट भरा, बंदर गाठायला दोन तास आहेत, विमान संध्याकाळचे आहे.